कपाटामागचे वाचक

आमचे अप्पा जन्मभर दुसऱ्यांच्या बापांसाठी पुस्तकं निवडत बसले. स्वतःच्या मुलीला काय वाचायला आवडतं हे त्यांना कधी सांगता आलं नसतं, पण साचेखात्यातल्या रुद्रप्पाला काय आवडेल याचा विचार ते भाकरीचा तुकडा हातात धरून करत बसायचे. चटणीवरचं तेल सुकून जायचं. आमची आई, अव्वा, म्हणायची, "आधी गिळा, मग गिरणीचं बघा."

अप्पांचं नाव गुरुलिंग माळगे. सोलापुरात एका गिरणीच्या चाळींमागं कामगारांसाठी एक वाचनालय होतं, तिथले ते ग्रंथपाल. ग्रंथपाल हा शब्द त्यांचा. खोली झाडणं, माठ भरणं, फाटकी पानं खळीनं चिकटवणं आणि पावसात छतावर पत्रा सरकवणं हे सगळं त्या एका शब्दात बसत होतं. एक खोली, दोन उंच कपाटं, एक लांब टेबल, आणि एक पंखा, जो वारा कमी आणि आवाज जास्त द्यायचा. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या त्या कानठळ्या बसवणाऱ्या शेडमध्ये, आयुष्य काढलेल्या माणसांना हळू बोलणं जमतच नाही. त्यामुळं पाटी तेवढी शांत असायची.

खरी गोष्ट अशी की तिथं पुरुष फारसे येतच नव्हते. दुपारी बायका यायच्या, कादंबऱ्या नेऊन चार दिवसांत परत आणायच्या. परीक्षेच्या दिवसांत पोरं यायची. पण ज्यांच्यासाठी वाचनालय काढलं, ते गिरणीतले बापे पाळी सुटली की सरळ घरी जायचे. अंगावर कापसाचा भुसा, डोळे लाल, पाय ओढत. १९७३ साली कमिटीच्या चेअरमननी अप्पांना बोलावून सांगितलं, "माळगे, पैसा गिरणीच्या कल्याण फंडातनं येतो. वर्षभरात कामगार वाचताना दिसले तर खोली राहील. न्हायतर तितं रेडिओ आणि कॅरम ठेवू."

अप्पांनी हे फारच मनाला लावून घेतलं. मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला होते आणि मला सगळ्यातलं सगळं कळत होतं. मी म्हटलं, "अप्पा, आठ तास उभं राहून आलेला माणूस पुस्तक कशाला वाचेल? त्याला झोप द्या." अप्पा म्हणाले, "झोप कंटाळलेल्याला लागती. दमलेल्याला कुटं लागती?" हे ते कुठल्या अनुभवावरून बोलत होते ते मी विचारलं नाही. अप्पा स्वतः रोज दमलेलेच असायचे आणि रोज खाटेवर पडून छताकडं बघत असायचे.

मग त्यांनी पुरुषांसाठी पुस्तकं निवडायला घेतली. पहिलं पुस्तक निवडलं ते रुद्रप्पासाठी. रुद्रप्पा आणि अप्पा एका तालमीत वाढलेले. रुद्रप्पा अक्कलकोटकडचा, घरात कन्नड, शाळा मराठी, सातवीची फायनल चांगल्या मार्कांनी पास झालेला. त्या काळी तेवढ्यावर शाळामास्तर होता आलं असतं. पण घरात खाणारी तोंडं होती, म्हणून तो साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिला, तो पंचवीस वर्षं उभाच होता. त्याची मुलगी जगदेवी माझ्या वर्गात. तिला बाराखडी, पाढे, अगदी व्याकरणसुद्धा बापानं शिकवलेलं. ती हे सगळ्यांना इतक्यांदा सांगायची की आम्हाला कंटाळा यायचा.

तर अप्पांनी रुद्रप्पाला कुस्तीवरचं पुस्तक दिलं. त्यानं ते हातात घेतलं, हात लांब करून धरलं, मान मागं घेतली, जरा वेळ बघितलं आणि नेलं. आठवड्यानं आणून दिलं.

"कसं वाटलं?"

"बरं हाय की."

पुस्तकाच्या आतली पानं एकमेकांना चिकटलेली होती तशीच होती. अप्पांना कळायचं ते कळलं. मग त्यांनी दुसऱ्यांना शेतीची पुस्तकं देऊन बघितली, कारण निम्मे लोक खेड्यातले. खुनाच्या गोष्टी दिल्या. गडकिल्ले दिले. परदेशातल्या गिरण्यांची माहिती देणारं एक पुस्तक दिलं, ते तर मला वाटतं निव्वळ छळ म्हणूनच दिलं असावं. प्रत्येक जण तसाच हात लांब करून पुस्तक धरायचा, मान मागं घ्यायचा, आणि एक तर तिथंच ठेवायचा नाही तर नेऊन न वाचता आणून द्यायचा.

त्या हात लांब करण्यावर अप्पांचं एक मत होतं. "कापड बघायची सवय," ते सांगायचे. "इणकर माणूस. कापड असंच लांब धरून बघत्यात, कुटं धागा सुटलाय का. पुस्तकबी तसंच बघतात. पसंत पडत न्हाय, ठेवतात." हे त्यांनी इतक्या खात्रीनं सांगितलं की मीही मान डोलवली. वर ते स्वतःलाच दोष द्यायचे. आपली निवड चुकते, आपल्याला बाप्यांचं मन कळत नाही, असं म्हणत रात्री कूस बदलत राहायचे.

श्रावणात एक नवल झालं. तेच लोक पोथ्या मागायला लागले. पोथी नेली की दोन दिवसांत पुढची. अप्पांना वाटलं, सापडलं! गिरणीतली माणसं भाविक आहेत. त्यांनी चेअरमनकडं आणखी पोथ्या मागितल्या. चेअरमन म्हणाले, "माळगे, वाचनालय चालवताय का मठ काढताय?" अप्पा तोंड पाडून परत आले. काही जण पोरांच्या गोष्टींची पुस्तकंही न्यायला लागले होते. "बारक्यासाठी," म्हणायचे. रुद्रप्पानंही एक नेलं. त्याच्या घरात बारकं असं कुणी नव्हतं, जगदेवी सगळ्यात धाकटी. पण अप्पांच्या डोक्यात तेव्हाही काही शिरलं नाही.

शिरलं ते आमच्या घरात. दिवाळीनंतर एका लग्नाची पत्रिका आली. अप्पा उंबऱ्यात उभं राहून वाचायला लागले. हात हळूहळू लांब गेला. मान मागं गेली. अव्वा चुलीपाशी बसली होती, ती म्हणाली, "पत्रिका वाचताय का आरशात बघताय?"

अप्पा तसेच उभे राहिले. मग पत्रिका खाली ठेवली, चप्पल पायात घातली आणि भर दुपारी वाचनालयात निघून गेले. मी मागनं गेले, कारण त्यांचा चेहरा मला बरा दिसला नाही. ते टेबलावर पुस्तकं मांडून बसले होते. एकीकडं पोथ्या आणि पोरांची पुस्तकं, दुसरीकडं बाकी सगळी. "बघ गिरिजे," ते म्हणाले. "ह्यातली अक्षरं मोठी. ह्यातली बारीक." आणि थोड्या वेळानं, "दिसत न्हाय गं त्यांना. आवडत न्हाय असं न्हाय. दिसतच न्हाय."

मी म्हटलं, "मग चष्मा घ्यायला काय धाड भरलीय?"

ते मला पुढं कळलं. त्या गिरणीची रीत अशी होती की साच्यावरचा माणूस चाळिशीनंतर चष्म्यात दिसला की खात्याचा मास्तर, म्हणजे वरचा अधिकारी, त्याला डोळे तपासायला धाडायचा, आणि तपासून आला की साचे काढून घेऊन गोदामात नाही तर झाडलोटीला लावायचा. पगार निम्म्यावर यायचा. साच्यावर तुटलेला धागा ही माणसं बोटांनी शोधायची, डोळ्यांचं त्यांना तितकं अडत नव्हतं. पण हे मास्तरला कोण सांगणार? घरात तरी चष्मा लावावा, तर चाळीत भिंतीला भिंत, चार दारं सोडून जॉबर, म्हणजे मास्तरच्या हाताखालचा मुकादम, राहायला. म्हणून माणसं वाचणंच सोडून द्यायची आणि विचारलं तर म्हणायची, आवड नाही.

अप्पांनी स्वतःला चष्मा केला. ग्रंथपालाला चष्म्याची बंदी नव्हती. एका संध्याकाळी ते माठ भरायला बाहेर गेले आणि परत आले तर रुद्रप्पा आत होता. कपाटामागं भिंतीला टेकून, अप्पांचा चष्मा नाकावर, हातात बायकांची एक जाड कादंबरी. ओठ हलत होते. अप्पा घागर तशीच घेऊन बाहेर पायरीवर बसले. बराच वेळ बसले. घरी येऊन त्यांनी अव्वाला हे दोनदा सांगितलं, आणि मला त्यांचं हसू आलं. मला तेव्हा पुष्कळ गोष्टींचं हसू यायचं.

त्यानंतर अप्पा रोज संध्याकाळी चष्मा टेबलावर विसरायला लागले. मंगळवारच्या बाजारात जुने चष्मे विकणाऱ्याकडून आणखी दोन-तीन आणले आणि बिस्किटाच्या डब्यात घालून कपाटामागं ठेवले. एक कपाट ओढून आडवं केलं, मागं सतरंजी टाकली. हळूहळू माणसं यायला लागली. नंबर कुणालाच नीट लागत नव्हता. एकाचं डोकं दुखायचं, एकाला अक्षरं नाचायची, पण वाचायचे. चष्म्यासाठी रांग लागायची. एक जण मोठ्यानं म्हणायचा, "व्हय, पान संपीव की आता," आणि दुसरा तेवढ्याच मोठ्यानं, "थांब, पोरगी सासरी चालली हाय." सगळ्या वाचनालयाला ऐकू जायचं.

कारण त्यांना आवडलं ते हेच. कुस्ती नाही, शेती नाही, खून नाही. बापांना काय आवडतं याचा शोध अप्पांनी कितीतरी महिने घेतला आणि हाती हे लागलं की बायकांना आवडतं तेच. सासर, माहेर, रुसवे, परत न आलेला मुलगा. रुद्रप्पा एकेक पान दोनदोनदा वाचायचा आणि उपरण्यानं नाक पुसायचा. विचारलं तर म्हणायचा, "भुसा गेलाय नाकात."

त्या दिवसांत अप्पा घरी आले की खाटेवर पडायचे आणि झोपायचे. अव्वानं एकदा मला खुणेनं दाखवलं.

मग वर्ष भरलं. कामगार यायला लागलेत हे चेअरमनच्या कानावर गेलं होतंच. खूश होऊन त्यांनी वार्षिक कार्यक्रम ठरवला. फंडाचे साहेब येणार, आणि त्यांच्याबरोबर साचेखात्याचे मास्तर. "वाचणारे कामगार पुढच्या रांगेत बसवा," चेअरमन म्हणाले. "साहेबांनी बघितलं की काम झालं." ज्याच्यापासून ही माणसं चष्मे लपवत होती, तोच मास्तर त्यांना वाचताना बघायला येणार होता. मास्तरांना बोलावू नये म्हणून अप्पांनी चेअरमनकडं एक-दोनदा प्रयत्न केला, ते जमलं नाही. शेवटी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, चष्मे डब्यात ठेवा, नुसती पुस्तकं उघडून बसा, साहेब बघतील आणि जातील. सगळे व्हय म्हणाले. रुद्रप्पा उपरण्यानं चष्म्याच्या काचा पुसत राहिला.

सुट्टीची दुपार होती. पत्रा तापलेला. माणसं धुतलेली धोतरं, लेंगे घालून टेबलापाशी बसली होती, समोर पुस्तकं उघडी, नजर पानावर आणि दिसत काही नाही. मी आणि जगदेवी सरबताचे पेले घेऊन भिंतीशी उभ्या. जगदेवी बापाकडं बघत होती. बाप पुढच्या रांगेत बसलाय याचं तिला केवढं अप्रूप. साहेब आले, हार झाला, चेअरमन बोलले. साहेब उठणारच होते, तेवढ्यात मास्तर रांगेपुढं आले आणि रुद्रप्पाशी थांबले.

"काय रुद्रप्पा, तू वाचतोस? वाच की जरा. साहेबांना ऐकू दे."

त्या खोलीत इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

रुद्रप्पानं पुस्तकाकडं बघितलं. मग त्याचा उजवा हात सदऱ्याच्या खिशाकडं गेला. चष्मा त्यानं डब्यात ठेवला नव्हता. तो खिशात होता, मला भिंतीपासून त्याची काडी दिसली. अप्पांनाही दिसली. हात खिशावर जाऊन थांबला. घ्यावा की नको, यावर तो थांबला होता का, की नुसता घाम पुसायला, ते देवाला माहीत. पण अप्पांनी थांबून बघितलं नाही. ते झटकन पुढं झाले आणि म्हणाले, "साहेब, ह्याला वाचता येत न्हाय. कुणालाच येत न्हाय. मी वाचून दाखवतो, ही माणसं ऐकतात."

मास्तर हसले. "मला वाटलंच."

रुद्रप्पाचा हात खाली आला. त्यानं पुस्तक मिटलं. माझ्याशेजारी जगदेवी होती. तिच्या हातातल्या पेल्यातलं सरबत तिच्या पायावर सांडत होतं आणि तिला पत्ता नव्हता.

साहेब जाताना चेअरमनना म्हणाले, ऐकायचंच असेल तर रेडिओ काय वाईट? पुढच्या आठवड्यात तसा निरोपच आला.

कार्यक्रमाच्याच संध्याकाळी रुद्रप्पा आमच्या दारात आला. आत ये म्हटलं तर आला नाही. अप्पा खाटेवरून उठले.

"साचे वाचले तुझे," अप्पा म्हणाले. "वाचनालय गेलं तर गेलं."

"साचे माझे व्हते, गुरुलिंगा," रुद्रप्पा म्हणाला. साचेखात्यातला आवाज, पण त्या दिवशी हळू. "इज्जतबी माझीच व्हती. कुटलं ठिवायचं आन् कुटलं सोडायचं, त्ये मी बघितलं असतं की."

"मास्तरनं चष्मा बघितला असता तर—"

"बघू दे. तू माज्या पोरीफुडं मला अडाणी केलास. बाराखडी मी शिकवलीय तिला." तो वळला. "एन माडूदु आता," असं स्वतःशीच म्हणाला, आता काय करायचं, आणि निघून गेला.

अप्पा खाटेवर बसले ते पाय खाली सोडून. अव्वानं ताट वाढलं, ते उचललंही तिनंच. मला अप्पांचा राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती. माणूस किती दमलेला असू शकतो ते मी त्या रात्री बघितलं. वर्षभर त्यांनी लोकांसाठी निवडलं होतं. त्या दुपारीही निवडलं, नेहमीच्याच खात्रीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीचा भोंगा झाला. जगदेवी धापा टाकत आमच्याकडं आली. तिचा बाप घरातनं निघतानाच चष्मा लावून निघाला होता. चाळीच्या मधल्या रस्त्यानं, सगळ्यांच्या दारावरून, जॉबरच्याही. कुणी हाक मारली की थांबून त्याच्याकडं चष्म्यातनं बघत होता. गिरणीच्या फाटकाशी लावलेला सूचनेचा कागद त्यानं मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि मग आत गेला. जगदेवी हे सांगताना हसत होती आणि रडतही होती.

व्हायचं ते झालं. महिन्याभरात साचे गेले आणि तो गोदामात गठ्ठे मोजायला लागला. वाचनालय काही त्यानं परत येणार नव्हतं. कॅरमचा बोर्ड आला, रेडिओ आला. रेडिओ लावायचा आणि बंद करायचा एवढंच काम अप्पांना ठेवलं.

पुस्तकं न्यायला हातगाडी आली त्या दिवशी मी अप्पांना मदत करायला गेले होते. ते पुस्तकं काढून माझ्या हातात देत होते, नाव न वाचता. तेवढ्यात रुद्रप्पा आला. त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच. गोदामातली धूळ अंगावर, बाजारातला तो जुना चष्मा नाकावर.

अप्पांनी सवयीनं कपाटात हात घातला आणि त्याची आवडती कादंबरी बाहेर काढली, पोरगी सासरी जाते ती.

"थांब," रुद्रप्पा म्हणाला. "मी निवडतो."

अप्पा बाजूला झाले. तो कपाटापुढं उभा राहिला आणि एकेक पुस्तकाचं नाव वाचत गेला. हातगाडीवाला बाहेरनं ओरडत होता, कुणी लक्ष दिलं नाही. वरचा कप्पा झाला, मधला झाला. खालच्या कप्प्यातून त्यानं एक पुस्तक ओढलं. कुस्तीवरचं. पानं अजून एकमेकांना चिकटलेली.

"ह्ये तू पयलंच दिलं व्हतंस," तो म्हणाला. "वाचायचं ऱ्हायलं."

"ने," अप्पा म्हणाले. "ठेव तुझ्याकडंच. परत कुटं देणार? वाचनालय कुटाय आता?"

रुद्रप्पानं पुस्तक काखेत मारलं.

"तू हायस की," तो म्हणाला, आणि चष्मा नाकावर सारखा करत पायऱ्या उतरून गेला.